उजेड किती हवा?

उरणमध्ये सध्या ज्या गल्लीत जावे तिथे हातोडीचा आवाज आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. तेव्हापासून द्रोणागिरीच्या नव्या इमारतींत माणसे राहायला येत आहेत, आणि जुन्या मोहल्ल्यांतली कौलारू घरे उतरवून स्लॅबची घरे उभी राहत आहेत. आखातात नोकरीला असलेला मुलगा पैसे पाठवतो, इथे बाप घर सजवतो. या प्रत्येक घरात एक गोष्ट हमखास दिसते : पीओपीचे छत आणि त्यात ओळीने बसवलेले दिवे. बारा, सोळा, कुठे चोवीस. वर कडेने पट्टीचा लपवलेला उजेड. इतके दिवे कशाला, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "सगळे एलईडी आहेत हो, वीज लागतच नाही."

मला या एका वाक्याबद्दल लिहायचे आहे.

आधीच सांगतो, मी छतातल्या दिव्यांच्या विरोधात नाही. माझ्या घरीही ते आहेत, आणि त्यांना उजेड कमी-जास्त करणारे डिमर लावलेले आहेत. माझे म्हणणे असे आहे की विजेची बचत दिव्याच्या खोक्यावर छापलेली नसते. आपण किती दिवे लावतो आणि ते किती जोरात पेटवतो, यावर ती ठरते. म्हणून डिमर ही श्रीमंतांची हौस आहे असे समजून सोडून देऊ नये. साध्या घरात त्याची गरज जास्त आहे.

एलईडीने खरोखर क्रांती केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. लाल आणि हिरवे एलईडी जुनेच होते, पण निळा काही केल्या जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड तयार होत नव्हता. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो प्रश्न सोडवला. त्यासाठी २०१४ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी, ५ जानेवारी २०१५ रोजी, आपल्याकडे 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने बल्बची एकगठ्ठा खरेदी केली, आणि जो बल्ब घाऊक भावातही ३१० रुपयांना पडत होता तो दोन-अडीच वर्षांत ३८ रुपयांवर आला. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा किंवा त्याहून थोडा जास्त उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. पिवळ्या बल्बमध्ये शंभरातली जेमतेम पाच हिस्से वीज उजेड होई, उरलेली सगळी उष्णता. खाली बसून जेवणाऱ्याला ते वेगळे सांगायला नको.

पण माणसाचा स्वभाव विचित्र आहे. वस्तू स्वस्त झाली की आपण पैसे वाचवत नाही, वस्तू वाढवतो. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल हेच लिहून ठेवले. वाफेची इंजिने सुधारली, कमी कोळशात जास्त काम होऊ लागले, आणि तरी इंग्लंडचा कोळशाचा खप वाढतच गेला, कारण इंजिन परवडू लागल्यावर ते जिथे तिथे बसले. आपल्या छताचे तेच झाले आहे.

हिशेब मांडू. १२ बाय १४ फुटांची बाहेरची खोली घ्या. पूर्वी तिथे एक ट्यूब आणि एक ६० वॅटचा बल्ब असे. ट्यूब ४० वॅटची, तिच्या चोकचे १५ वॅट धरले तर दोन्ही मिळून ११५ वॅट. संध्याकाळचे पाच तास लावले तर महिन्याला सुमारे १७ युनिट. आता त्याच खोलीतले नवे छत पाहा. ९ वॅटचे १६ दिवे म्हणजे १४४ वॅट. कडेच्या पट्टीची दोन रिळे, प्रत्येकी ६० वॅट, म्हणजे आणखी १२०. एकूण २६४ वॅट. तेवढेच पाच तास लावले तर महिन्याला जवळजवळ ४० युनिट. दिवा सहापटीने काटकसरी झाला आणि खोलीचे दिव्यांचे बिल दुपटीने वाढले! महावितरणच्या दरपत्रकात १०० युनिटांच्या पुढच्या प्रत्येक युनिटाला वरचा दर लागतो. म्हणजे हे जास्तीचे युनिट बहुतेक घरांत महागड्या टप्प्यातच पडतात.

याच मापाच्या माझ्या खोलीत ८ वॅटचे सहा दिवे आहेत, एकूण ४८ वॅट. ते सगळे पूर्ण जोरात क्वचितच लागतात. पाहुणे आले, मुलांचा अभ्यास असला किंवा साफसफाई काढली तर तासभर. एरवी मंद. महिन्याचा हिशेब तीन-चार युनिटांवर येतो. खोली अंधारी आहे असे आजवर कुणी म्हटलेले नाही.

यात डोळ्याचाही एक गुण उपयोगी पडतो. उजेड मोजण्याचे यंत्र आणि आपला डोळा एकाच पद्धतीने मोजत नाहीत. उजेड प्रत्यक्षात चौथाईवर आणला तरी डोळ्याला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो. एलईडीची वीज साधारण उजेडाच्याच प्रमाणात घटते. म्हणजे 'अर्धा उजेड केला' असे आपल्याला वाटते तेव्हा वीज तीन-चतुर्थांश वाचलेली असते. पिवळ्या बल्बचे असे नव्हते. तो मंद केला की उजेड झपाट्याने उतरे, वीज मात्र तेवढी उतरत नसे. डिमर ही जुनीच वस्तू, पण ती खऱ्या अर्थाने कामाची झाली ती एलईडी आल्यावर.

मंद दिव्याची सवय आपल्याला नवी नाही. कंदिलाला बाजूला एक छोटी चक्री असायची. वाचायला बसले की वात चढवायची, जेवणे आटोपली की उतरवायची, झोपताना अगदी बारीक करून कोपऱ्यात ठेवायची. रॉकेल रेशनवर मिळे, आणि वात उगाच मोठी ठेवली की काच काळी पडून सकाळी राखेने घासत बसावे लागे. उजेडाला किंमत होती, म्हणून उजेडाला मापही होते. वीज आली आणि ती चक्री गेली. बटण दोनच गोष्टी जाणते, चालू आणि बंद. मधल्या उजेडाची गरज मात्र संपली नाही, म्हणून आपण झिरोचा बल्ब शोधला. नाव 'झिरो' असल्याने त्याला वीजच लागत नाही असा समज घरोघरी होता. प्रत्यक्षात तो दहा-पंधरा वॅट खाई. आजच्या भाषेत सांगायचे तर एका चांगल्या छतदिव्याहून जास्त. डिमर म्हणजे कंदिलाची ती चक्री परत भिंतीवर आणणे.

आता कामाचे बोलू. डिमर लावून पस्तावलेली माणसेही मला भेटली आहेत, आणि त्यांची तक्रार खोटी नसते. दिवे लुकलुकतात, गुणगुणतात, सहा महिन्यांत जातात. हे का होते ते समजून घेतले पाहिजे.

आपली घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. भिंतीवरचा डिमर प्रत्येक हेलकाव्याचा थोडा तुकडा कापतो, बाकीचा पुढे जाऊ देतो. साध्या बल्बला हे चाले, कारण त्याची तार तापलेलीच राही. एलईडीच्या मागे मात्र ड्रायव्हर नावाची छोटी डबी असते. ती घरच्या विजेचे एकदिश विजेत रूपांतर करते आणि दिव्याला ठरावीक प्रवाह देत राहते. साधा ड्रायव्हर हा प्रवाह कमी होऊ न देण्यासाठीच बनवलेला असतो. डिमर वीज कापतो, ड्रायव्हर ती भरून काढायला बघतो. दोघांच्या या ओढाताणीत दिवा लुकलुकतो आणि शेवटी ड्रायव्हर जळतो. म्हणून पहिला नियम : दिव्याच्या किंवा ड्रायव्हरच्या खोक्यावर 'डिमेबल' असे स्पष्ट छापलेले हवे. दुकानदाराने तोंडी सांगणे पुरेसे नाही.

दुसरा नियम डिमरचा. जुन्या घडणीचे डिमर मोठ्या बल्बसाठी होते. त्यांना चाळीस-साठ वॅटचा भार तरी लागतो. त्यावर तीस वॅटचे एलईडी जोडले की ते नीट चालत नाहीत. एलईडीसाठीचा वेगळा डिमर मिळतो, तोच मागावा, आणि तो किमान किती वॅटवर चालतो ते विचारावे. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडण्याची युक्ती काही वायरमन सुचवतात. ती अजिबात मान्य करू नये. पंखा आणि दिवा या दोन वेगळ्या जाती आहेत.

तिसरी गोष्ट खास आपल्या उरणची. इथे तिन्ही बाजूंनी खाडी आणि समुद्र आहे. खारा वारा तांब्याच्या तारेचे टोक वर्षभरात हिरवे करतो. चार महिने पाऊस, स्लॅबला ओल. पीओपी एकदा बंद केले की आत काय चालले आहे ते कुणाला दिसत नाही. म्हणून जोड टेपने गुंडाळून सोडून देऊ नका, बंद कनेक्टरमध्ये करून घ्या. ड्रायव्हर छताच्या पोटात पुरून टाकू नका, दिव्याच्या भोकातून हात घालून काढता येईल असा ठेवा. न्हाणीघरात आणि ओट्यावर पाण्यापासून बंदिस्त दिवेच लावा. मुख्य बोर्डावर गळती ओळखून वीज तोडणारा स्विच आणि घराला खरे अर्थिंग असू द्या. पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली होतो, तेव्हा बिचारा ड्रायव्हरच आधी मरतो. त्यामुळे तो बदलता येईल असा दिवा घ्या. ज्यात दिवा आणि ड्रायव्हर एकजीव असतात, तो बिघडला की अख्खा कचऱ्यात जातो. दुबईहून नातेवाइकांनी आणलेल्या देखण्या दिव्यांचे इथे असेच होते. वीज तिथली आणि इथली जुळते, पण सुटा भाग मिळत नाही.

चौथी गोष्ट रंगाची. आपल्याकडे पांढराशुभ्र, निळसर उजेड म्हणजे 'जास्त उजेड' असा समज आहे. खोक्यावर ६५०० के लिहिलेला तो हाच. दुकानाला, दवाखान्याला तो ठीक. घरात बसण्या-झोपण्याच्या खोलीत २७०० ते ३००० केचा उबदार उजेड लावावा. रात्री उशिरापर्यंत निळसर उजेडात बसले की झोप लांबते, हे डॉक्टर सांगून थकले आहेत.

हे सगळे खर्चाचे आहे, असा आक्षेप येईल. डिमर आणि डिमेबल दिवे साध्यापेक्षा महाग आहेत, हे खरे. पण सोळाऐवजी सहा दिवे घेतले की तो फरक तिथेच भरून निघतो, शिवाय वायरिंग वाचते. ज्यांना तेवढेही नको, त्यांनी एवढेच करावे : एका खोलीतले दिवे एकाच बटणावर न घेता दोन बटणांवर वाटून घ्यावेत. दोन दिवे एका बटणावर, चार दुसऱ्यावर. हाही गरिबाचा डिमरच आहे, आणि तो कधी बिघडत नाही. मात्र ही वाटणी पीओपी होण्याआधी वायरमनला कागदावर काढून द्यावी लागते. नंतर सुचून उपयोग नसतो.

पण मी हे फक्त बिलासाठी लिहीत नाही. आमच्या घरात तीन पिढ्या एका खोलीत बसतात. अम्मीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे. वय वाढते तसा डोळ्यात शिरणारा उजेड कमी होत जातो. विशीतल्या तरुणाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या सुमारे एक-तृतीयांशच साठीतल्या माणसाच्या पोचतो. म्हणून कुराण उघडून बसलेल्या अम्मीला भरपूर उजेड लागतो. पण त्याच वयात डोळ्यावर येणारा झगझगीत उजेड सहनही होत नाही. तिच्या बसण्याच्या जागेवरचे दोन दिवे वेगळ्या डिमरवर आहेत. तिला हवे तेव्हा ती ते वाढवते, पाने मिटली की उतरवते. रमजानमध्ये सहरीला उठताना सगळे घर लख्ख करून झोपलेल्या नातवंडांचे डोळे दिपवावे लागत नाहीत, आणि अंधारात ठेचकाळण्याचीही भीती नाही. म्हातारी माणसे रात्री पडतात ती बहुधा बाथरूमच्या वाटेवर. त्या वाटेवर रात्रभर अगदी बारीक दिवा ठेवायला नाममात्र वीज लागते.

प्रखर उजेड डोळ्याला दुखवतो, ही साधी गोष्ट हजार वर्षांपूर्वी एका मुस्लिम शास्त्रज्ञाने विचाराचा आरंभबिंदू केली होती. बसरा इथे जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथमने 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशशास्त्राचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लिहिला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे मानणारी मोठी परंपरा तेव्हा होती. त्याने दाखवले की प्रखर उजेडाकडे पाहिले की डोळ्याला वेदना होतात, म्हणजे उजेड बाहेरून येऊन डोळ्यावर परिणाम करतो. आज आपण दिव्याचे वॅट विचारतो, किंमत विचारतो, पण त्या दिव्याखाली बसणाऱ्याच्या डोळ्याला काय होईल हे विचारत नाही.

आपल्या धर्मात यासाठी एक नेमका शब्द आहे : इसराफ, म्हणजे उधळपट्टी. वुजू करताना पाणी वाया घालवू नका, वाहत्या नदीकाठी असलात तरीही, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नावे सांगितली जाते. त्या नदीकडे जरा लक्ष द्या. पाणी महाग आहे म्हणून जपा, असे तिथे म्हटलेले नाही. ते मुबलक असले तरी जपा, असे म्हटले आहे. 'एलईडी आहे, वीज लागतच नाही' या वाक्याला यापेक्षा नेमके उत्तर मला माहीत नाही. झोपताना दिवे विझवा, असेही हदीसमध्ये आहे, आणि त्याचे कारण अगदी घरगुती दिलेले आहे : उंदीर वात ओढून घराला आग लावील. दिव्याबद्दलचा विचार धर्माच्या उंच गोष्टींत बसत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी हे आठवावे.

हजरत उमर बिन अब्दुल अझीझ यांची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. राज्यकारभाराचे बोलणे संपून खाजगी बोलणे सुरू झाले की ते सरकारी तेलाचा दिवा मालवून स्वतःचा लावत. ही कथा आपण दुसऱ्यांना सांगतो, पण आपल्या मशिदींना लागू करत नाही. जोहर आणि असरच्या मध्ये रिकाम्या हॉलमध्ये झुंबरे जळत असतात. ते तेलही लोकांच्या चंद्याचे आहे. पहिली सफ भरली तेवढे दिवे, जमात वाढली तर पुढचे, आणि नमाज झाली की सगळे मंद. कमिटीने मनावर घेतले तर एका दिवसाचे काम आहे. घरापेक्षा मशिदीत याचा फायदा कितीतरी मोठा आहे, कारण तिथले दिवे कितीतरी जास्त आहेत.

आणि उरणकरांना तर उजेडाची किंमत कुणी बाहेरून येऊन सांगायला नको. बोकडविऱ्याचे वायू विद्युत केंद्र आपल्या तालुक्यातले, क्षमता ६७२ मेगावॅट. बॉम्बे हायचा वायू याच किनाऱ्यावर उतरतो, तरी पुरेशा वायूअभावी हे केंद्र वर्षानुवर्षे क्षमतेपेक्षा कमी चालते. राज्याची बरीचशी वीज चंद्रपूर-कोराडीच्या कोळशातूनच येते. आपल्या छतातल्या सोळा दिव्यांचा धूर चंद्रपूरचा माणूस गिळतो. तो आपल्याला दिसत नाही एवढेच.

दुसरे उदाहरण याहून जवळचे. घारापुरी बेट आपल्याच तालुक्यात. १९८७ पासून लेणी जागतिक वारशाच्या यादीत, रोज लाँच भरभरून पर्यटक. पण शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन गावांत समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे उलटून गेल्यावर! तोवर डिझेलच्या जनरेटरवर संध्याकाळचे काही तास दिवे लागत आणि मग अंधार. समोर मुंबई लखलखत होती, मागे जेएनपीटीचे उंच दिवे रात्रीचा दिवस करत होते, बोकडविऱ्याला वीज तयार होत होती, आणि मधल्या बेटावरची पोरे जनरेटर बंद व्हायच्या आत अभ्यास उरकत होती. ज्या तालुक्याने हे पाहिले आहे, त्याने विजेला फुकट म्हणू नये.

म्हणून घराचे छत करायला काढाल तेव्हा डिझाइनची चित्रे पाहण्याआधी घरातल्या माणसांना विचारा. कोण कुठे बसते, कोण काय वाचते, रात्री कोण उठते, कुणाच्या डोळ्याला काय त्रास आहे. ते सगळे कागदावर लिहा आणि मग दिवे मोजा. बहुतेक घरांत सहा-आठ दिव्यांत काम भागेल. वायरमनला सांगा : दिवे कमी, दर्जा चांगला, बटणे वेगळी, उजेड कमी-जास्त होणारा. तो म्हणेल, एवढ्याने छत रिकामे दिसेल. दिसू द्या. छताकडे बघत कुणी बसत नाही, आपण बसतो ते समोरच्या माणसाकडे बघत. त्याचा चेहरा नीट दिसला आणि आपले डोळे दुखले नाहीत, म्हणजे उजेड पुरेसा आहे.